चरक ते कलँड्रिया : वालचंदनगरच्या कारखान्याची वाटचाल

अणुभट्टीचा गाभा ज्या पोलादी पात्रात बसवतात, ते पात्र घडवू शकणारे कारखाने साऱ्या जगात मोजकेच आहेत. त्यांतला एक आपल्या इंदापूर तालुक्यात आहे, अंथुर्ण्याहून सायकलच्या टप्प्यावर. जवळपास बंदर नाही, रेल्वेचे स्टेशन नाही, महानगर नाही. चहूकडे उसाचे फड, मधून वाहणारा नीरेचा डावा कालवा आणि आषाढात तुकोबांची पालखी ज्या वाटेने इंदापूरकडे जाते तो बारामती-इंदापूर रस्ता. अशा जागी अवजड यंत्रांचा कारखाना उभा राहिला आणि देशाच्या अणुऊर्जा व अवकाश कार्यक्रमांच्या पहिल्या फळीत जाऊन बसला. हे कसे घडले, त्याचा हा इतिहास.

हा इतिहास लिहिताना उद्योगपतींची नावे, कंपनीच्या स्थापनेची साले, मोठ्या कामांच्या याद्या सहज हाती लागतात. त्या द्यायलाच हव्यात. पण खरी गोष्ट त्यांच्या मागे आहे. वालचंदनगरला अणुयुगाचे कौशल्य बाहेरून आयते आले नाही. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता जे हात तयार झाले, त्यांनीच पुढे अणुभट्टीचे काम अंगावर घेतले. एका पिढीने दुसरीला शिकवले, दुसरीने तिसरीला. या कारखान्याची खरी मिळकत ही शिकवणीची साखळी आहे.

कालव्याचे पाणी, कळंबचे शिवार

1876-77 च्या मोठ्या दुष्काळाने दख्खनची दैना केली. त्यानंतर इंग्रज सरकारने नीरेवर वीर येथे बंधारा आणि वेळवंडीवर भाटघरला धरण बांधून डावा कालवा काढला. बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या माळांना पाणी मिळाले. 1928 मध्ये भाटघरचे नवे, मोठे धरण पुरे झाले आणि बारमाही उसाला लागणाऱ्या पाण्याची शाश्वती वाढली. पण कालव्याखालची सगळीच जमीन सोन्यासारखी झाली नव्हती. निचरा नसलेल्या खोलगट भागांत पाणी साठून जमिनी खारवट आणि चोपण होऊ लागल्या होत्या. असल्या जमिनीवर भांडवल घालायला सहसा कोणी धजावत नसे.

वालचंद हिराचंद दोशी धजावले. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात 23 नोव्हेंबर 1882 रोजी जन्मलेल्या वालचंदशेठनी घरच्या कापसाच्या आणि सावकारीच्या धंद्यापेक्षा बांधकामाची वाट धरली. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थाच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली. 1919 मध्ये त्यांनी भागीदारांसह काढलेल्या सिंदिया जहाज कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिलला मुंबईहून निघाले. तो दिवस आज देश राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, 1941 मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी, 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग भारतीय भांडवलाने आपल्या भूमीत उभे करण्याचा ध्यास घेतलेला हा माणूस होता.

त्यांच्या ताब्यात मार्सलँड प्राइस नावाची बांधकाम कंपनी होती. तिची नोंदणी 1908 सालची. तिचेच नाव पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज लिमिटेड झाले, म्हणून ही कंपनी आपले स्थापनावर्ष 1908 मानते. याच कंपनीने इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावच्या शिवारात जमिनी घेतल्या. काही विकत, पुष्कळशा शेतकऱ्यांकडून खंडाने. चर खणून निचरा काढला, जमीन सपाट केली, वाफ्यांना पाणी दिले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला त्यांनी हाच प्रयोग आधी केला होता.

1932 मध्ये सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात बसवली. जावाच्या स्वस्त साखरेपुढे न टिकणारा देशी धंदा त्या एका निर्णयाने उभा राहिला आणि अवघ्या काही वर्षांत देशभर साखर कारखाने निघाले. कळंबचा कारखानाही याच लाटेतला. कारखान्याभोवती वसाहत वाढली. तिलाच वालचंदनगर म्हणू लागले.

यंत्रशाळेत घडलेली पिढी

साखर कारखाना वर्षातले काही महिने अहोरात्र चालतो आणि उरलेले महिने उघडून ठेवलेला असतो. गळीत हंगामात चरकाचे रोलर झिजतात, दातेरी चक्रांचे दात खराब होतात, बॉयलरच्या नळ्या गंजतात, इव्हॅपोरेटरमध्ये खार बसतो. ऑफ सीझनमध्ये सगळे सुटे करून साफ करायचे, झिजलेले घासून किंवा नवे ओतून बसवायचे आणि दिवाळीच्या सुमारास कारखाना पुन्हा दणक्यात सुरू करायचा. मूळ यंत्रे विलायतेची. सुटा भाग मागवला तर तो बोटीने येणार, तोवर हंगाम निघून जाणार. महायुद्धाच्या काळात तर बोटींचाच भरवसा नव्हता. म्हणून कारखान्याच्या आवारातच यंत्रशाळा सुसज्ज ठेवावी लागे.

या यंत्रशाळेत भोवतालच्या गावांतली मुले हेल्पर म्हणून लागली. अंथुर्णे, लासुर्णे, कळंब, निमसाखर, शेळगाव, बेलवाडी, सणसर इथली. घरी नांगर आणि मोट हाताळलेली. मिस्त्रीच्या हाताखाली त्यांनी छिन्नी-हातोडा, मग कानस, मग लेथ असे एकेक शिकून घेतले. मोजपट्टीवरून व्हर्नियरवर आणि व्हर्नियरवरून मायक्रोमीटरवर त्यांची नजर स्थिरावली.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी बरोबर आल्या. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्या यशाने महाराष्ट्रभर सहकाराची लाट आली. आपल्याच भागात माळेगाव आणि भवानीनगरचे कारखाने त्या दशकात निघाले. या सगळ्यांना यंत्रे हवी होती. दुसऱ्या बाजूला 1957-58 मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई झाली आणि यंत्रांची आयात अवघड होऊन बसली. ज्या यंत्रशाळेत पंचवीस वर्षे साखरेची यंत्रे उघडून पाहिली गेली होती, तिथे ती नव्याने बनवणे ही स्वाभाविक पुढची पायरी होती. वालचंदनगरने चरक, बॉयलर, इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्युगल आणि शेवटी अख्खा साखर कारखानाच आपल्या आवारात घडवून द्यायला सुरुवात केली. सिमेंटच्या भट्ट्यांची यंत्रेही त्यात आली. आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या देशांकडेही वालचंदनगरची यंत्रे गेली.

समूहाच्या इतर शाखांचा आधार मिळाला. सातारा रोडचा कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना धनजीशहा कूपर यांनी उभारलेला होता. 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेच हे कूपर. हा कारखाना वालचंद समूहात आला आणि तिथली फौंड्री आज वालचंदनगर इंडस्ट्रीजचा विभाग आहे. धारवाडजवळ अत्तिकोळला दाबमापकांचा विभाग आहे. ओतकाम, मापनयंत्रे आणि जोडकाम अशी तिन्ही अंगे एका छत्राखाली आली.

वालचंदशेठनी 8 एप्रिल 1953 रोजी देह ठेवला. त्यांचे बंधू गुलाबचंद आणि लालचंद यांनी आणि पुढच्या पिढीने हा वारसा चालवला.

जमीन गेली, यंत्रशाळा राहिली

1961 मध्ये महाराष्ट्राने शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला. खाजगी साखर कंपन्यांच्या हजारो एकर जमिनी सरकारजमा झाल्या आणि 1963 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. वालचंदनगरचा मळाही त्यांत होता. ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळाल्या नाहीत. त्यांचा लढा दोन-तीन पिढ्या चालला. मोर्चे, कोर्ट, निवडणुका, आश्वासने असे सगळे झाले आणि 2012 च्या सुमारास जमिनींचे वाटप सुरू झाले. कारखान्याचा इतिहास लिहिताना हे पान गाळून चालणार नाही. या भूमीवर जो उद्योग वाढला त्याच्या पायात खंडकऱ्यांच्या जमिनी आहेत, आणि त्यांनी सोसलेली प्रतीक्षा हा आपल्या गावांच्या इतिहासाचाच भाग आहे.

कंपनीच्या दृष्टीने या कायद्याचा अर्थ असा की, ज्या पायावर ती उभी होती तोच निघून गेला. स्वतःचा ऊस नाही तर साखरेवर किती काळ विसंबणार? भवितव्य आता यंत्रशाळेतच होते. पुढे जे मोठे अभियांत्रिकी काम इथे उभे राहिले, त्याला ही निकडही कारणीभूत आहे.

अणुऊर्जेच्या दारात

राजस्थानात कोट्याजवळ रावतभाटा येथे कॅनडाच्या मदतीने जड पाण्याची अणुभट्टी उभी राहत होती. पहिल्या भट्टीची बहुतेक महत्त्वाची यंत्रे कॅनडातून आली आणि 1973 च्या डिसेंबरात तिने व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. 18 मे 1974 रोजी पोखरणला भारताने अणुचाचणी केली आणि कॅनडाने हात काढून घेतला. नकाशे होते, पण यंत्रे आणि सुटे भाग थांबले. दुसरी भट्टी आणि मद्रासजवळ कल्पक्कमच्या भट्ट्या पुऱ्या करायच्या तर भारतातल्या कारखान्यांनाच ते काम करावे लागणार होते.

अणुऊर्जा विभागाने देशातल्या मोजक्या अवजड उद्योगांकडे पाहिले. 1970 च्या दशकात वालचंदनगर या वर्तुळात आले आणि पुढे लार्सन अँड टुब्रोसारख्या कारखान्यांच्या बरोबरीने अणुभट्टीच्या गाभ्याची कामे करू लागले : कलँड्रिया, एंड शील्ड आणि त्यांच्या सोबतची इतर उपकरणे.

कलँड्रिया म्हणजे एक भलेमोठे आडवे पिंप. त्यात जड पाणी भरलेले असते. पिंपाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शेकडो नळ्या जातात आणि त्या नळ्यांत युरेनियमचे इंधन असते. 220 मेगावॉटच्या भट्टीत अशा 306 वाहिन्या असतात, 540 आणि 700 मेगावॉटच्या भट्ट्यांत 392. दोन टोकांना दोन जाड ट्यूबशीट, त्यांत काटेकोर अंतरावर छिद्रे, छिद्रांत बसवलेल्या नळ्या आणि थेंबभरही गळू न देणारे सांधे. साखर कारखान्यातल्या इव्हॅपोरेटरची आणि पॅनची मूळ रचना हीच आहे, आणि त्यांच्या तापणाऱ्या नळीभागालाही साखरेच्या धंद्यात कलँड्रियाच म्हणतात. म्हणजे ज्या कारागिरांनी उसाचा रस आटवणारी भांडी हजार वेळा उघडली, जोडली आणि गळतीसाठी तपासली होती, त्यांना या पात्राची जात ओळखीची होती. फरक अचूकतेचा होता, आणि तो फरक फार मोठा होता.

एंड शील्ड, जवळून

हा फरक समजायला एंड शील्डचे काम जवळून पाहावे. कलँड्रियाच्या दोन्ही टोकांना दोन एंड शील्ड बसतात. भट्टीच्या गाभ्यातून निघणारा किरणोत्सर्ग बाहेर येऊ नये म्हणून त्यांच्या पोकळीत पोलादी गोळे आणि पाणी भरतात. प्रत्येक एंड शील्डला आतली आणि बाहेरची अशा दोन ट्यूबशीट असतात आणि त्यांच्यामधून 306 लॅटिस नळ्या आरपार जातात. याचा अर्थ असा की दोन एंड शील्डच्या चार ट्यूबशीटमधून 306 सरळ रेषा निघायला हव्यात. एक वाहिनी जरी तिरपी झाली तरी इंधन भरणारे यंत्र तिच्याशी जुळणार नाही. 220 मेगावॉटच्या रचनेत शेजारच्या दोन वाहिन्यांच्या मध्यांतले अंतर 22.86 सेंटिमीटर आहे. त्यातही सवलत अगदी थोडी.

छिद्रे पाडणे कठीण आहेच, पण जोडकाम त्याहून कठीण. स्टेनलेस पोलाद तापले की फुगते आणि थंड होताना आखडते. शेकडो सांधे जोडायचे तर प्रत्येक सांधा ट्यूबशीटला किंचित ओढतो. एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने पुढे गेले तर शेवटी अख्खी ट्यूबशीट वाकडी होईल. म्हणून क्रम आधी ठरवावा लागतो. मध्यावर एक सांधा, मग समोरच्या अंगाला एक, मग आडव्या बाजूला. प्रत्येक थरानंतर थांबायचे, धातू ठरावीक तापमानाखाली आला की पुढचा थर घालायचा, मापे घ्यायची, नोंद करायची. पहिला थर, म्हणजे रूट, आर्गनच्या आवरणात टिग वेल्डिंगने घालतात. वेल्डरचा हात क्षणभर थरथरला तरी सूक्ष्म छिद्र राहते आणि एक्स-रेच्या फिल्मवर ते दिसते. मग ते सगळे कोरून काढून पुन्हा.

प्लेट कारखान्यात आल्यापासून तिच्या ओतीचा क्रमांक तिच्याबरोबर फिरतो. तो कापलेल्या तुकड्यावरही उतरवतात. कोणता सांधा कोणत्या वेल्डरने, कोणत्या सळईने, कोणत्या दिवशी केला याची नोंद राहते. साध्या लोखंडाचा ब्रश स्टेनलेसवर फिरवायचा नाही, कारण लोखंडाचे कण राहिले तर तिथून गंज धरतो. खुणा करायची शाईसुद्धा क्लोराइड नसलेली. मग तपासण्या : रंगद्रव्य लावून भेगा शोधणे, अल्ट्रासॉनिक, रेडिओग्राफी, दाबाची चाचणी, हेलियमने गळती शोधणे. ठरलेल्या टप्प्यांवर ग्राहकाचा तपासनीस येऊन सही करीपर्यंत काम पुढे जात नाही.

इतका जाच कशासाठी? राजस्थानच्या पहिल्याच भट्टीने त्याचे उत्तर दिले. तिच्या एंड शील्ड निकेलमिश्रित कार्बन पोलादाच्या होत्या. किरणोत्सर्गाने ते पोलाद ठिसूळ झाले आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या एंड शील्डमधून गळती निघाली. भट्टी बंद ठेवावी लागली आणि पुढे कमी शक्तीवरच चालवावी लागली. किरणोत्सर्गी झालेल्या जागी माणूस जाऊन वेल्डिंग करू शकत नाही. पुढच्या भारतीय भट्ट्यांत या भागासाठी ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलाद घेण्यात आले.

साखर कारखान्यात झालेली चूक ऑफ सीझनमध्ये दुरुस्त करता येते. एंड शील्डला ऑफ सीझन नाही. एकदा भट्टी सुरू झाली की तो सांधा दशकानुदशके जसा आहे तसाच राहणार. दुरुस्तीच्या संस्कारात वाढलेल्या कारागिराला ही गोष्ट मनावर बिंबवून घ्यावी लागली. वालचंदनगरच्या इतिहासातले सर्वांत मोठे स्थित्यंतर मला हे वाटते. यंत्रे विकत घेता येतात. 'पुन्हा करू' हा विचार डोक्यातून काढून टाकणे विकत मिळत नाही.

श्रीहरिकोट्याकडे

1970 च्या दशकातच अवकाश कार्यक्रमाशीही नाते जुळले. रॉकेटच्या घन इंधनाच्या मोटारचे कवच हे दाबाचे पात्रच असते, पण पातळ आणि अतिशय मजबूत. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे कवच 2.8 मीटर व्यासाचे, पाच खंडांचे. एलव्हीएम 3 रॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या एस 200 बूस्टरची कवचे 3.2 मीटर व्यासाची. यासाठी मॅरेजिंग पोलाद वापरतात. त्यात सुमारे 18 टक्के निकेल असते. ते मऊ अवस्थेत वळवून, जोडून, मग भट्टीत ठरावीक तापमानाला काही तास ठेवले की त्याला ताकद चढते. तापवताना आकार बिघडला तर खंड एकमेकांत बसणार नाहीत. नंतर खंड पिनांनी जोडायचे असतात आणि शेकडो पिनांची छिद्रे समोरासमोर यायलाच हवीत. सुमारे अर्धशतक वालचंदनगर हे काम करीत आले आहे. 14 जुलै 2023 रोजी चंद्रयान 3 घेऊन निघालेल्या एलव्हीएम 3 च्या बूस्टरमध्ये वालचंदनगरला घडलेले भाग होते. 23 ऑगस्टला त्याचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा आपल्या गावांत घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्यांत ती कवचे घडवणारेही होते.

नौदलासाठीही इथे जहाजांचे गिअरबॉक्स बनले. जुलै 2009 मध्ये जलावतरण झालेल्या आयएनएस अरिहंत या पहिल्या भारतीय अणुपाणबुडीच्या गिअरबॉक्सचे कामही वालचंदनगरचे. चरकाची प्रचंड दातेरी चक्रे कापणाऱ्या विभागाचाच हा वारसा.

व्होल्गोदोन्स्कचा धडा

आपल्या कारखान्याचे मोल कळण्यासाठी एक परका कारखाना पाहण्यासारखा आहे. सोव्हिएत संघाने 1970 च्या दशकाच्या मध्यात रोस्तोव प्रांतात, डॉन नदीवरच्या त्सिमल्यान्स्क जलाशयाकाठी व्होल्गोदोन्स्क शहरात ऍटोममाश नावाचा अजस्र कारखाना उभारायला घेतला. वर्षाला आठ अणुभट्ट्यांचे संच बाहेर काढायचे, असे उद्दिष्ट होते. देशभरातून तरुण आणले, गवताळ मैदानावर नवे शहर वसवले. वेग प्रचंड होता. पण तिथली माती पाणी मुरले की खचणारी होती. 1983 मध्ये कारखान्याच्या इमारतीचा भाग कोसळला. 1986 मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि मागणीच आटली. सोव्हिएत संघ मोडल्यावर 1990 च्या दशकात कारखाना दिवाळखोरीत गेला आणि मिळेल ते काम करीत तगून राहिला. पुढे रशियाच्या अणुउद्योगाने तो ताब्यात घेतला, आणि सुमारे तीन दशकांच्या खंडानंतर 2015 मध्ये तिथून अणुभट्टीचे पात्र पुन्हा बाहेर पडले. ते बेलारूसला गेले.

इतक्या मोठ्या राष्ट्राने, इतक्या पैशाने उभारलेल्या कारखान्यालाही हा खंड भरून काढायला किती काळ लागला! कारण शेड आणि प्रेस जागेवर राहतात, पण हात पांगतात. वालचंदनगरच्या वाट्यालाही अणुऊर्जेच्या कामांत लांब भाकड काळ आला. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या भट्ट्या 2005-06 मध्ये पुऱ्या झाल्या. त्यानंतरच्या 700 मेगावॉटच्या मालिकेतली पहिली, काक्रापारची तिसरी भट्टी, 22 जुलै 2020 रोजी प्रथम कार्यान्वित झाली. देशाची मागणी अशी थांबत थांबत येते. मधल्या वर्षांत कंपनीला आर्थिक ओढाताण सोसावी लागली. तरी साखर, सिमेंट, बॉयलर, रॉकेट, नौदल अशी वेगवेगळी कामे होती, म्हणून वेल्डरच्या हातातली मशाल विझली नाही. अनेक धंद्यांचा व्याप ही वालचंदनगरची ताकद ठरली. एकाच उद्दिष्टासाठी बांधलेल्या ऍटोममाशला ही सोय नव्हती.

वसाहत आणि माणसे

वालचंदनगर ही कंपनीने वसवलेली वसाहत. चाळी, बंगले, दवाखाना, बाजार, मैदाने, श्री वर्धमान विद्यालय. आसपासच्या गावांतली मुले या शाळेत शिकली. इथे कॅनेडियन नकाशांचा अर्थ लावणारे इंजिनिअर आणि कळंबच्या पांदीतून सायकलवर येणारा फिटर यांची मुले एका बाकावर बसली. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे इथे मराठी बोलू लागली. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आसपासच्या शिवारांत काम करणाऱ्यांनाही वेळ कळायची.

कारखान्याने आपल्या भागाला पगार दिला, हे तर खरेच. त्याहून मोठे देणे म्हणजे कामाची शिस्त. 'चालेल' म्हणायचे नाही, मापात आहे की नाही ते बघायचे. ही सवय घरी, शेतात, ग्रामपंचायतीत, शाळेच्या इमारत निधीत, दिंडीच्या जेवणावळीच्या हिशेबातसुद्धा उतरली. अंथुर्ण्याला पालखीचा मुक्काम असतो तेव्हा मंडपाच्या तारा, पाण्याच्या टाक्या, दिव्यांची जोडणी यांकडे कारखान्यातली माणसे आपसूक लक्ष देतात. त्यांना तसे कोणी सांगावे लागत नाही.

आणि एक ऋण मान्य करायला हवे. या इतिहासात खलाशांचे नाव फारसे येत नाही. शेकडो टनांचे ओझे दोरखंड, जॅक आणि रोलरवर इंचाइंचाने सरकवणारी ही मंडळी. एंड शील्ड उलटी करायची, कवचाचा खंड उभा करायचा, ट्रेलरवर चढवायचा, हे काम क्रेनच्या बरोबरीने खलाशाच्या डोळ्यावर चालते. रेल्वे नसल्याने सगळे अवजड काम रस्त्याने जाते. वाटेतल्या विजेच्या तारा उचलाव्या लागतात, पुलांची ताकद पाहावी लागते, वळणे मोजावी लागतात. महिनोन् महिने जपून घडवलेली वस्तू शेवटच्या प्रवासात त्यांच्याच हवाली असते.

पुढची पिढी

2017 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने 700 मेगावॉटच्या दहा देशी भट्ट्या एका मालिकेत उभारायला मंजुरी दिली. काक्रापारची तिसरी भट्टी जून 2023 पासून आणि चौथी मार्च 2024 पासून व्यापारी तत्त्वावर वीज देत आहे. म्हणजे कलँड्रिया आणि एंड शील्डची गरज देशाला पुढे दीर्घकाळ राहणार आहे. गगनयानासाठी माणूस वाहून नेणाऱ्या प्रक्षेपकाचे कामही त्याच एस 200 बूस्टरवर उभे आहे. माणूस बसणार म्हटल्यावर सांध्यातल्या चुकीची किंमत आणखी वाढली.

या कामाला लागणारे हात कोठून येणार, हा प्रश्न आज अंथुर्णे-वालचंदनगरच्या पट्ट्यासमोर आहे. बारामतीला कारखाने आहेत, पुण्याला नोकऱ्या आहेत, तरुणाला संगणकापुढे बसायचे आहे. चार-पाच वर्षे उस्तादाच्या हाताखाली घालवून वेल्डर व्हायला तो सहज तयार होत नाही. त्याला दोष देता येणार नाही. या कौशल्याला मान आणि मोल दोन्ही मिळाले तरच तो येईल. अणुभट्टीचा सांधा घालण्याची पात्रता मिळवलेला वेल्डर हा त्याच्या विद्येत पदवीधरापेक्षा कणभरही कमी नाही, हे आपण गावात, शाळेत आणि लग्नाच्या बैठकीतसुद्धा बोलून दाखवले पाहिजे.

म्हणून आपल्या सर्वांकडून एक अपेक्षा आहे. जी निवृत्त मंडळी आज हयात आहेत, त्यांच्याकडून कामाचे क्रम, झालेल्या चुका, काढलेल्या युक्त्या लिहून घ्याव्यात. पहिल्या ट्यूबशीटचे छिद्र कसे धरले, पहिल्या मॅरेजिंग कवचाने तापवताना काय केले, कोणत्या सांध्याने सर्वांना जागे ठेवले, हे कोणत्याच ड्रॉइंगवर नसते. ते या माणसांच्या आठवणीत आहे. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्यांच्यासमोर बसवावे. चरक दुरुस्त करणाऱ्या आजोबाकडून कलँड्रिया घडवणारा बाप शिकला आणि त्याच्याकडून रॉकेटचे कवच घडवणारा मुलगा शिकला. ही साखळी पुढच्या पन्नास वर्षांसाठी टिकवणे हीच या कारखान्याची खरी शतकपूर्ती आहे, आणि ते काम मुंबई-दिल्लीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.